दोरियान, हे शेवटचं

झोर्कामावशी गॅरेजच्या दारात आली तेव्हा मी आधी गाडी पाहिली नाही, मावशीची हाक ओळखली. मग डोकं वर केलं. दोरियानची निळी गाडी समोर उभी होती.

"भूत बघितल्यासारखा काय उभा राहिलास, लिव्हिओ? दार उघड. बाहेर बुरा वारा सुटलाय, टोपी उडेल माझी."

दोरियान तिचा एकुलता एक मुलगा. तीन वर्षांपूर्वी ग्रोबनिकच्या ट्रॅकवर सहाव्या फेरीत त्याचं इंजिन फुटलं, तेल मागच्या चाकांखाली आलं आणि लांब उजव्या वळणावर गाडी भिंतीत गेली. तो तिथंच गेला. तेव्हापासून मी ट्रॅकच्या गाड्या घेणं बंद केलं होतं. क्लच, ब्रेक, सर्व्हिसिंग, यावर दिवस काढत होतो.

मावशीनं अठ्ठावीस वर्षं आमच्या रिएका शहराच्या चढउतारांवर सिटी बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर तिनं ती मोडकी गाडी ओढून आणली, सांगाडा सरळ करून घेतला, दुसरं इंजिन आणि दुसरा टर्बो बसवून घेतला.

"मला वीस मिनिटं हवीत," ती म्हणाली. "ट्रॅकवर, एका दमात. त्याला पुरी करता आली नाहीत."

"मावशी, मी ती कामं सोडली."

"माहीत आहे. म्हणून तर आले. सोडलंस म्हणजे तुला काहीतरी कळलंय."

मी दार पूर्ण उघडलं. गाडी आत घेतली आणि लॅपटॉप जोडला. इंजिन बदललं होतं, पण त्याला हुकूम देणारा कंट्रोल युनिट जुनाच होता. पडद्यावर फाइलचं नाव उमटलं : दोरियान-हे-शेवटचं.

नाव मीच दिलं होतं. त्या सकाळी त्याचा ट्रॅकवरून फोन आला होता. "लिव्हिओ, अरे तो पिवळ्या गाडीवाला सरळ रस्त्यावर मला खातोय. थोडा दाब वाढवून दे ना!" मी न्याहारी करत होतो. एका हातात पाव, दुसऱ्या हातानं टर्बोचा दाब एक पूर्णांक तीन बारवरून एक पूर्णांक सहावर नेला आणि फाइल पाठवून दिली. पुन्हा मागू नये म्हणून चेष्टेनं ते नाव. रस्त्यावर तेवढा दाब चालतो, कारण दहा सेकंद जोर लावला की पुढं सिग्नल येतो. ट्रॅकवर इंजिनाला श्वासच घेता येत नाही. तेल तापतं, पातळ होतं, बेअरिंग कोरडं पडतं. नंतर चौकशी झाली, यांत्रिक बिघाड असं लिहिलं गेलं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

"काय आलं तिथं?" मावशी चष्मा शोधत म्हणाली.

"जुनी सेटिंग."

तिला चष्मा सापडायच्या आत मी ती पुसून टाकली.

तीन आठवडे काम चाललं. मोठा ऑइल कूलर बसवला. वळणावर तेल एका बाजूला पळू नये म्हणून तेलाच्या टाकीत आडव्या पट्ट्या घातल्या. दाब एक पूर्णांक एकवर आणला, ठिणगी जरा उशिरा, पेट्रोल जरा जास्त. मावशी रोज कॉफी घेऊन स्टुलावर बसून बघायची. "बसचंही हेच," म्हणायची. "चढावर काट्याकडं बघत नाही तो ड्रायव्हर नव्हे, प्रवासी."

एप्रिलच्या एका सकाळी आम्ही ग्रोबनिकला गेलो. आधी मी एकटा निघालो. पाच फेऱ्या सुरेख गेल्या. सहाव्या फेरीत लांब वळण आलं आणि जळक्या तेलाचा वास नाकात शिरला. काटे जागच्या जागी होते, तरी पाय आपोआप उचलला गेला. आत येऊन बॉनेट उघडलं. सगळं कोरडं. पुन्हा गेलो, पुन्हा सहाव्या फेरीत तोच वास.

मावशीनं इंजिनावर वाकून हुंगलं. "काही नाहीये. तूच पांढराफटक पडलायस."

मग मी बोललो. फोन, पाव, फाइल, सगळं.

तिनं बॉनेट हळूच खाली लावलं.

"किती वाढवलंस?"

"पाव बारपेक्षा थोडं जास्त."

"मला कळेल असं सांग."

"दोन फेऱ्या निभावलं असतं. दोनच मार, असं म्हणालो होतो त्याला."

"आणि त्यानं ऐकलं नाही."

"तो ऐकणार नाही हे मला माहीत होतं, मावशी."

तिनं माझ्या हातातलं हेल्मेट घेतलं. "तिकडं बस. आकडे वाच."

तिनं बस चालवावी तशी गाडी चालवली. ना धसका, ना घाई, प्रत्येक वळण एका हिशेबात. मी ओरडून तेलाचं तापमान सांगत होतो. एकशे सहा. एकशे नऊ. एकशे बारा. सहाव्या फेरीत तो वास आला आणि माझी नजर काट्यावरून सुटली. काचेपलीकडं भिंत जवळ येत होती.

"आकडा!" ती ओरडली. "आकडा सांग, लिव्हिओ!"

"एकशे चौदा."

"दाब?"

"ठीक आहे."

वळण मागं पडलं. सातवी, आठवी, नववी, दहावी, वीस मिनिटं पुरी झाली. मग इंजिन निवावं म्हणून एक सावकाश फेरी. थांबल्यावर तिनं हेल्मेट काढलं नाही. आत ती रडत होती की नाही, मला कळलं नाही.

"ती फाइल कुठाय?"

"गाडीतली पुसली मी. पहिल्याच दिवशी."

"पुसायची नव्हतीस रे. त्याच्या हातानं गाडीत घातलेली ती शेवटची वस्तू होती."

"माझ्या ईमेलमध्ये आहे."

"असू दे तिथंच. तुझ्याकडंच राहू दे."

त्यानंतर ती माझ्याकडं कॉफी प्यायली नाही. गाडी मात्र माझ्याचकडं येते. मावशी किल्ली टेबलावर ठेवते, तेल कधी बदललं ते सांगते आणि बसनं घरी जाते. दर महिन्याला ती ट्रॅकवर वीस मिनिटं चालवते आणि मी शेजारी बसून आकडे वाचतो. मी पुन्हा ट्रॅकच्या गाड्या घेऊ लागलोय. पोरं फोनवर थोडा दाब मागतात. मी फोन ठेवून देतो, मग दिवसभर हाताला काम सुचत नाही.

मागच्या शनिवारी किल्ली ठेवून ती दारापर्यंत गेली आणि मागं न बघता म्हणाली, "जेवलास का?"

मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.