दोघांतला पेशंट

आमच्या शिवणाच्या दुकानात कापड बेततात वन्सं, शिवतात हे, आणि काज-बटणं माझ्याकडे. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. सकाळी दहापर्यंत बोलायचं नाही असा माझा नेम आहे. तोंड बंद असलं की डोळ्यांना काम मिळतं. म्हणूनच खुर्चीची गंमत माझ्या लक्षात आली.

वन्संची खुर्ची कुरकुरायची. सुतार आला, स्क्रू आवळून गेला. आठवड्याने पुन्हा आला, एक पाय बदलून गेला. तिसऱ्या खेपेला तो स्वतःच तिच्यावर बसला, डुलला, त्याने कान लावून ऐकलं.

"ताई, खुर्ची तर गप्प आहे."

"मी बसले की बरी बोलते!"

"माणूस बघून बोलत असेल," म्हणत तो हसत गेला.

वन्सं बसल्या आणि कुरकुर सुरू. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय नाचत होता. मांडीवरची बोटं आपली आपण वळवळत होती. त्यांना पत्ताच नव्हता.

माझे सासरे ह्याच आजाराने गेले. हंटिंग्टन म्हणतात त्याला. मेंदूचा आजार, आईकडून नाहीतर बापाकडून येतो, आणि प्रत्येक मुलाला छापा की काटा. सासरे शेवटपर्यंत म्हणत, मला काही झालेलं नाही, ह्या घराची फरशीच वाकडी आहे. ते गेल्यावर बहीण-भावांनी एकमेकांना शब्द दिला होता, की एकाला दुसऱ्यात खुणा दिसल्या तर त्याने तोंडावर सांगायचं. तपासणी मात्र दोघांनीही टाळली.

घड्याळात दहा वाजले तशी मी ह्यांना मागच्या खोलीत गाठलं.

"अहो, वन्संचा पाय..."

"माहितीये." हे दोरा ओवत राहिले. "चार महिने झाले."

"मग सांगा ना! शब्द दिलाय तुम्ही."

"सांगतो गं. जरा वेळ बघून सांगतो."

आणि बाहेर जाऊन त्यांनी खुर्चीला तेल घातलं.

इकडे वन्संचा सगळा पहारा ह्यांच्यावर. ह्यांच्या हातून सुई पडायचा अवकाश, "काय रे, बोटं ठीक आहेत ना? जीभ काढ बघू. दहापर्यंत बाहेर ठेव." सासऱ्यांना डॉक्टर हेच करायला लावायचे, आणि त्यांची जीभ आत पळायची. हे बिचारे भर दुकानात जीभ काढून उभे. एक बाई तर मोजमाप न देताच निघून गेल्या. त्यांना वाटलं, आपल्यालाच वेडावतायत.

मग एका कोटाची मखमल बेतताना वन्संची कात्री खडूच्या रेघेवरून घसरली ती थेट डाव्या अंगठ्यात.

"मेलीला धार नाही कात्रीला!"

"धार नसती तर अंगठा कसा कापला असता?" हे पट्टी बांधत म्हणाले. मग त्यांना राहवेना. "ताई, कात्री चांगली आहे. खुर्चीही चांगली आहे. हलतेस ती तू. बाबांसारखी."

वन्सं हसल्या. "मी? अरे, हात तर तुझेच थरथरतायत!"

खरंच थरथरत होते. भीतीने.

"उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येते बरोबर, घाबरू नकोस."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दवाखान्यात पोचल्याशी कारण, कोण कोणाला नेतंय ह्याला काय करायचंय!

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पेशंट कोण?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

त्यांनी दोघांनाही तपासलं. बोटं भराभर अंगठ्यावर टेकवायला लावली, सरळ रेघेत चालवलं. जीभ काढायला सांगितल्यावर वन्संची तीनदा आत गेली. "झाले दहा," वन्सं म्हणाल्या. मी मनात मोजत होते, माझे चारच झाले होते.

"भावामध्ये आज तरी काही दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्यात खुणा आहेत, ताई. रक्त तपासलं की पक्कं कळेल."

"पण मला काहीच जाणवत नाही!"

"तुम्ही हट्ट करताय असं नाही. ह्या आजारात पुष्कळांना स्वतःच्या हालचाली कळतच नाहीत. खबर देणारा मेंदूच आजारी असतो. म्हणून आम्ही घरच्यांनाही विचारतो."

वन्संनी अंगठ्यावरची पट्टी चाचपली. "म्हणजे बाबा खोटं बोलत नव्हते?"

"नाही."

"आणि मी त्यांना किती बोलले..." त्यांनी पदराने नाक पुसलं. मग भावाकडे वळल्या. "तुला कधीपासून दिसतंय?"

"चार महिने."

"चार महिने! आणि मी त्या सुताराला तीनदा चहा पाजला, गाढवा!"

"तू रडशील म्हणून..."

"रडतोयस तू."

रस्त्यावर आल्यावर वन्सं म्हणाल्या, "उद्यापासून कापड तू बेत. मी शेजारी बसून चुका काढीन, ते मला जमतं. आणि माझं काही हललं की सांगायचं. रोज. मी नाही म्हटलं तरी सांगायचं."

"बरं."

चार पावलं गेल्या असतील नसतील. "आत्ता?"

"डावा खांदा."

वन्संनी मान वळवून खांदा निरखला. "मला तर जागच्या जागी दिसतोय."

"हलतोय, ताई."

"तू म्हणतोस तर हलत असेल," वन्सं म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडायला त्यांनी भावाचा दंड धरला.