हामुराबाईंचे फर्मे

“हळू मार, पोरी, हळू. पातं आहे ते, नवरा नव्हे!”

गुरू कुराता म्हाताऱ्याने हे म्हटलं त्याला एकोणतीस वर्षं झाली होती, आणि म्हातारा जाऊनही आता बारा. पण हातोडा रागाने पडायला लागला की हामुरा तोमिएच्या कानात तो खरखरीत आवाज अजून उठायचा. तेव्हा तिला नवरा होता. पुढे नवरा राहिला नाही, हातोडा राहिला.

तिने हात आवरला. मांडीवरच्या फडक्यात शर्यतीच्या मोटरबोटीचा, पाणी कापणारा पंखा होता, दोन पात्यांचा, पंख मिटत आलेल्या फुलपाखरासारखा. एका पात्यावर नको तिथे खळगा पडला होता. तो काढण्यात आता सगळी दुपार जाणार.

राग पंख्यावर नव्हताच. पंखे ठोकायच्या त्या लांबट खोलीत समोरच्या भिंतीशी अकारी बसली होती, आणि अकारीच्या शेजारी ओगुशी.

निशिओ अकारी, बावीस वर्षांची, तोमिएची शिष्या. शर्यतीच्या शाळेतून बाहेर पडून दोन वर्षं झाली तरी अजून एकही शर्यत तिने जिंकली नव्हती. ओगुशी त्यांच्याच जिल्ह्याचा, पंचेचाळिशीचा, हसरा. पंखा ठोकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याने आपला फर्मा अकारीच्या पात्यावर टेकवला, पंखा उजेडाकडे धरला आणि फटीतून येणारी प्रकाशाची रेघ तिला दाखवली. अकारीने मान डोलावली.

खोलीतल्या वीसेक जणांनी ते पाहिलं, आणि वीसेक जणांनी माना खाली घातल्या.

फर्मा म्हणजे दिसायला काय, पात्याची गोलाई तपासायची पत्र्याची पट्टी. पण ती गोलाई ज्याची त्याची असते. पाण्यात उतरून, हरून, ठोकून, पुन्हा हरून सापडलेली. गुरू देतो, शिष्य घेतो, बाकीचे नजर वळवतात. एकाच्या शिष्याने दुसऱ्याच्या फर्म्याखाली पातं धरणं म्हणजे आईच्या देखत शेजारणीला आई म्हणणं.

“निशिओ.”

“हो, बाई.”

“मी दिलेले फर्मे कुठायत?”

अकारीने पंखा खाली ठेवला. हात मांडीवर घेतले. “हरवले.”

“काय म्हणालीस?”

“हरवले, बाई.”

एकेक करून सगळे हातोडे थांबले.

“छत्री हरवते,” तोमिए म्हणाली. “मोजे हरवतात. माझी एकदा अख्खी बॅग आगगाडीत हरवली. पण गुरूचे फर्मे हरवलेले मी आजवर ऐकले नव्हते. तुम्ही कोणी ऐकलेत का रे?”

“अहो हामुरासान,” ओगुशी हसण्यावारी नेऊ पाहत म्हणाला, “पोरगी नुसती विचारायला आली होती. मी म्हटलं, बघू तरी...”

“बघ ना. आयतं वाढलेलं ताट आहे. जेव आणि तोंड पूस.”

अकारीचे कान लाल झाले. ती उठली, कमरेत वाकली आणि पंखा घेऊन बाहेर गेली. जाताना तिने दार इतकं हलक्या हाताने ओढलं, की ते आपटलं असतं तर बरं झालं असतं असं तोमिएला वाटलं.

त्या फर्म्यांचं खरं तोमिएला एकटीला ठाऊक होतं. दीड वर्षापूर्वी तिने ते अकारीला दिले होते, जांभळ्या रुमालात बांधून. पोरीने दोन्ही हातांनी घेतले, कपाळ चटईला टेकवलं. पण ते होते जुन्या इंजिनांचे. इंजिनं बदलली तेव्हाच त्यांचा जीव गेला होता. नव्या इंजिनांचे फर्मे तोमिएने चार वर्षं खपून कापले होते, आणि ते तिच्या पेटीत, वरच्याच खणात होते. देणारच होती ती. पोरीने आधी जरा कष्ट काढावेत, एवढंच. असं ती स्वतःला रोज सांगायची, आणि रोज सांगता सांगता तिला ते पटलंही होतं. म्हणून तर आज विश्वासघात तिचा झाला होता, दुसऱ्या कोणाचा नाही. शाळेतून आली तेव्हा हातमोजे कसे सुकवायचे हे ठाऊक नसलेली ही मुलगी. तिला भात कमी आणि शेवया जास्त खायला लावून वजन राखायला कोणी शिकवलं? वारा डाव्या गालावर लागला तर किती थांबायचं, उजव्या गालावर लागला तर किती, हे कोणी सांगितलं? गालच पुढे करून सांगितलं.

आणि हे घडायचं होतं तेही नेमकं या आठवड्यात. एप्रिल संपत आला होता. सहा-सहा महिन्यांच्या गुणांची सरासरी दोन वर्षं खाली राहिली की घरी एक साधं पत्र येतं, आणि मग बोट नाही. तोमिएची दोन वर्षं या सहा दिवसांच्या शर्यतींबरोबर संपत होती. इथून पुढे प्रत्येक शर्यतीत तिसरी आली असती तरी ती वाचली असती. सगळ्यांना ते माहीत होतं. कोणी त्यावर बोलत नव्हतं. फक्त जेवणाच्या ओळीत हल्ली तिला पुढे जाऊ देत होते.

चौथ्या दिवशी त्या दोघी एकाच शर्यतीत आल्या.

सहा बोटी. नव्या पोरीने सगळ्यात बाहेरची, सहावी जागा घ्यायची असा रिवाज, आणि अकारी तिथेच उभी होती, हिरव्या हेल्मेटात. दुसऱ्या वळणावर मात्र ती आत शिरली. वळणाचा तरंगता बोया आणि तोमिएची बोट यांच्यामध्ये हातभर पाणी मोकळं होतं, त्या हातभर पाण्यात. तोमिएला ती दिसली. सुकाणू सोडायला वेळ होता. तिने सोडलं नाही, उलट आत दाबलं.

लाकडावर लाकूड आपटलं. हिरवं हेल्मेट आकाशाकडे गेलं, मग पाण्यात.

पंचांनी तोमिएला बाद केलं. त्या शर्यतीचा गुण शून्य. पाचव्या दिवशी ती दुसरी आली, आणि कार्यालयातल्या माणसाने, न विचारताच, खालच्या आवाजात सांगितलं, “हामुरासान, उद्या पहिलं यावं लागेल. दुसरं चालणार नाही.”

त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या दाराशी अकारी भेटली. हनुवटीवर पट्टी होती.

“मुद्दाम मारलंत,” ती म्हणाली. नमस्कार नाही, काही नाही.

“पाण्यात जागा मागून मिळत नसते.”

“मागितली नव्हती. घेतली होती. तुम्ही मुद्दाम मारलंत, बाई.”

“बाई म्हणू नकोस. जा, तुझ्या त्या ओगुशीला जाऊन सांग.”

“सांगितलं असतं,” अकारी म्हणाली. “पुष्कळ सांगता आलं असतं मला.”

आणि ती गेली. तोमिए तिथेच उभी राहिली. काय सांगता आलं असतं हिला?

शेवटच्या दिवशी वारा उनाड होता. खाडीपलीकडच्या घरांवर मुलांच्या सणाचे कापडी मासे आडवे होऊन फडफडत होते. तोमिए जवाचा गार चहा घेऊन भिंतीला टेकली होती. गुडघ्यांना पट्ट्या बांधून झाल्या होत्या. तीन फेऱ्या गुडघ्यांवर बसून काढायच्या, आणि गुडघे एक्कावन्न वर्षांचे. ओगुशी येऊन शेजारी बसला. त्यालाही त्याच शर्यतीत उतरायचं होतं.

“रागावणार नसाल तर एक सांगतो.”

“रागावणार. सांग.”

“ते फर्मे हरवलेले नाहीत. तिच्या पेटीत तळाशी आहेत, जांभळ्या रुमालात. मी पाहिलं. म्हटलं, उघड, बघू दे हामुराबाईंची गोलाई. तर पेटीवर बसलीच! म्हणाली, मेले तरी दाखवणार नाही, आणि बाईंना यातलं काही बोललात तर तुमच्याशीही बोलणार नाही.” ओगुशीने डोकं खाजवलं. “मला कळतच नाही. एवढी माया, तर मग वापरत का नाही? आणि हरवले म्हणून चारचौघांत नाक का कापून घेतलं? सगळे तिच्याशी बोलायचे थांबलेत. परवापासून एकटी जेवते.”

तोमिएने चहाचा पेला खाली ठेवला.

म्हणजे पोरीने ते नव्या इंजिनाला लावून पाहिले होते. एकदा, दोनदा, शंभरदा पाहिले असतील. आधी स्वतःच्या हाताला दोष दिला असेल. मग एक दिवस कळलं असेल. आणि कळल्यावर तिने रुमालाची गाठ मारली.

लाज वाटायला हवी होती. आधी आला तो रागच. ही कोण मला झाकणारी? आणि त्या रागाच्या बुडाशी, चिखलातल्या शिंपल्यासारखी, एक चिमुकली आशा उघडली. एवढं झाकणारी मुलगी आज आपल्या पुढे जाईल का?

ही आशा तोमिएने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. आपल्याला अजून इतकं खाली उतरता येतं तर, असं तिला वाटलं. मग बोलावणं आलं.

मोठ्या घड्याळाचा काटा फिरू लागला. काटा शून्यावर आल्यावर एका सेकंदाच्या आत रेघ ओलांडायची; आधी ओलांडली तर बाद. तोमिए तिसऱ्या जागेवर होती, ओगुशी पहिल्या, अकारी आपली सहाव्या. सगळ्या बोटींनी नाक उचललं. पहिल्या वळणावर ओगुशी आणि दोन नंबरची बोट एकमेकांना रेटत रुंद गेली, आणि त्यांच्या पोटातून तोमिए आत शिरली. पंखा पाणी धरून होता. गुडघे ओरडत होते, ती ऐकत नव्हती. समोर एकही बोट नाही, एकाही बोटीची लाट नाही, नुसतं सपाट, उन्हाने भरलेलं पाणी. किती दिवसांनी!

पहिली फेरी. दुसरी फेरी. मागे एकच इंजिन जवळ होतं, आणि त्याचा आवाज तिला ओळखता येत होता. बाहेरून घेरून ती कोणाची बोट आली हे मान वळवून बघायची गरज नव्हती.

शेवटचं वळण. तोमिएने बोया धरला, पण गुडघा उंबरठ्यावर अडखळावा तसा अडखळला आणि बोट हातभर बाहेर गेली. तेच हातभर पाणी. ‘नको,’ ती हेल्मेटच्या आत म्हणाली. मोठ्याने म्हणाली. पण गुरूने म्हणावं तसं ‘घाल बोट, ये आत’ असं नव्हे. नको, एवढंच. सोड, पोरी, आज सोड.

हिरवं हेल्मेट आत आलं. जराही थांबलं नाही. अकारी बोटीवर अर्धी उभी राहिली, अंग पाण्यावर झोकलं, आणि बांबूचं पान धारेला लागावं तशी सरकन निघून गेली. तिच्या लाटेने तोमिएच्या तोंडावर पाणी आलं. खारट होतं.

पहिली अकारी. दुसरी तोमिए.

शर्यत संपली की ज्याच्या त्याच्या जिल्ह्याची माणसं धावत उतारावर येतात आणि बोटीवरचं इंजिन उचलून घेतात. तोमिएच्या बोटीशी सात जण आले. एकाने तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला, एकाने हात देऊन तिला उठवलं. ओगुशी आपली बोट तशीच टाकून तिचं इंजिन धरायला आला होता.

अकारीच्या बोटीशी कोणी नव्हतं.

ती एकटीच इंजिनाचे खटके सोडत होती. ते दोघांनी उचलायचं धूड. तिने एकदा ओढलं, पाय घसरला, पुन्हा ओढलं. पहिला विजय मिळाला की सगळ्यांनी मिळून जिंकणाऱ्याला हातापायांनी उचलून खाडीत फेकायचं, आणि मग हसत हसत आपणही उड्या मारायच्या. वर्षानुवर्षं चालत आलेलं. आज कोणाला त्याची आठवण नव्हती. आठवण होती, पण कोणी हलत नव्हतं.

तोमिए उतारावरून चालत गेली आणि इंजिनाची दुसरी बाजू धरली.

“राहू द्या, बाई,” अकारी तिच्याकडे न बघता म्हणाली. “मी करते.”

“उचल.”

दोघींनी उचललं. गाड्यावर ठेवलं. तोमिएने हात पुसले आणि वळून बघितलं. “काय रे? पहिला विजय आहे तिचा. पाण्यात कोण टाकणार?”

ओगुशी पुढे आला, हळू बोलला. “हामुरासान, आज नको. तुमचं आज... आणि खरं सांगू, कोणाचं मन नाही. जिने गुरूचे फर्मे...”

“बाई, चला तुम्ही,” अकारी घाईने म्हणाली. “तुम्हाला थंडी वाजतेय. चला ना.”

“बोलू दे मला.”

“बाई, नको.”

“ते हरवलेले नाहीत,” तोमिए म्हणाली. आवाज वाऱ्याने नेऊ नये म्हणून तिने तो उंच केला. उतारावर, वरच्या कठड्यापाशी, बोटी पुसणाऱ्यांपाशी, सगळीकडे माना वर झाल्या. “हिच्या पेटीत आहेत. ते जुन्या इंजिनांचे आहेत. त्यांच्यावर ठोकलेला पंखा आज कोणालाही जिंकून देणार नाही, हे देताना मला माहीत होतं. गुरूचे म्हणून दिले, आणि हिने डोकं टेकून घेतले.”

अकारीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

“शाळेतून आली त्या दिवशी हिला एक वळण घेऊन दाखव म्हटलं होतं,” तोमिए म्हणाली. “हिने घेतलं. आणि मी घाबरले.”