म्हाताऱ्याचं कण्हणं

मोटारी गुंडाळणाऱ्या धाकट्याने शेवटचा बोल्ट आवळला, पान्यावर अंगाचा सगळा भार टाकून एक हिसका दिला आणि गुडघे झाडत उठला. नवी मोटर घट्ट बसली होती. हिरवी, गुबगुबीत, अजून रंगाचा वास येत असलेली. भिंतीकडेला जुनी मोटर आडवी पडली होती. तिला इथे सगळे म्हातारा म्हणत.

“ही तरी टिकेल ना, भाऊजी?” वहिनीने विचारलं.

“तुम्ही थकाल वहिनी, पण ही थकायची नाही.”

घरामागच्या लांबट शेडमध्ये थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, हे चिंध्यांचं मशीन उभं केलं होतं. शिंप्यांकडची कातरणं, फाटक्या चादरी त्याच्या तोंडात सारायच्या. आतला दात्यांचा जड ड्रम त्या पिंजून काढायचा आणि तो कापूस गाद्यांत भरला जायचा. माल आणणं-पोचवणं दादाकडे, मशीनचं तोंड वहिनीकडे. आणि मोटर जळली की ती नव्याने गुंडाळून देणं धाकट्याकडे. मोटारी गुंडाळण्याचं त्याचं दुकान पलीकडच्याच गल्लीत होतं.

म्हातारा इतक्या वेळा जळला होता की या खेपेला धाकट्याने हट्टच धरला. मोटर त्याने स्वतः निवडली. कापसाची धूळ आत जाऊ नये म्हणून बंद अंगाची, वारा बाहेरून घेणारी. जड ड्रम जागचा हलवायला सुरुवातीलाच जोर लागतो, म्हणून तसा जोर असलेली. आणि ताकद म्हाताऱ्याच्या दुप्पट. कमी पडायला नको, एवढाच त्याचा विचार होता.

“पण आत फिरतं काय हो नेमकं?” वहिनीने मोटरवर हात ठेवत विचारलं. “इतकी वर्षं हिच्याजवळ बसते, पण कधी विचारलंच नाही.”

“बाहेरच्या तारांतून वीज गेली की चुंबकाचा जोर गोल गोल पळायला लागतो. आतला गोळा त्याच्यामागे धावतो. शिवाशिव नाही, काही नाही. नुसता धावतो आणि गाठत कधीच नाही.”

“म्हणजे तुमच्या दादासारखं. कामामागे धावायचं, पण गाठायचं म्हणून नाही.”

दादा दारातून हसला. “सगळं ऐकू येतंय हं मला.”

“आणि आतल्याला कुणी धरून ठेवलं तर?” वहिनीने पुढे विचारलं.

“मग बाहेरच्या तारा तापतात. तापून तापून जळतात.”

“बिचारा म्हातारा,” वहिनी म्हणाली. “ड्रममध्ये गाठ अडकली की कसा कण्हायचा! मग आवाज बसत बसत गप्प व्हायचा. मी म्हणायचे, थांब रे बाबा, काढते तुझ्या घशातलं.”

यावर सगळेच हसले. धाकट्याने दाराजवळच्या भिंतीवरचं बटण दाबलं. मोटर सुरू झाल्याचं कळलंसुद्धा नाही, इतका एकसारखा, मऊ आवाज. त्याने मुद्दाम गाठी मारलेलं एक जाड गोणपाट तोंडात सारलं. एरवी म्हाताऱ्याने तिथेच जीव टाकला असता. नवीने ते एका दमात आत ओढून नेलं आणि आवाज तसूभरही बदलला नाही.

“वा!” दादा म्हणाला. “याला म्हणतात मोटर.”

धाकट्याची छाती फुगली. म्हाताऱ्याला हातगाडीवर घालून तो शीळ घालत दुकानात आला.

दुपारी त्याने म्हातारा उघडला. एखादी तार तुटून वीज अर्धवट आली असती, तर काही वेटोळी काळी आणि काही तशीच राहिली असती. हा सगळीकडून सारखा काळा होता, म्हणजे भाराने जळलेला. दर वेळी असाच असायचा, आणि दर वेळी तो दादाला म्हणायचा, मोटर अशक्त आहे. आज हातातली पक्कड तशीच राहिली. अशक्त होती म्हणूनच तर ती थांबायची. गाठ अडकली की ड्रम जागच्या जागी उभा राहायचा, म्हातारा कण्हत जळत राहायचा आणि तेवढ्या वेळात कुणीतरी ती गाठ काढायचं. कशाने काढायचं, हे त्याने कधीच विचारलं नव्हतं. भार, धूळ, जोर, सगळं विचारलं होतं.

*थांब रे बाबा, काढते तुझ्या घशातलं.*

त्याने दादाला फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. पक्कड टाकून तो पळत सुटला.

शेडच्या दारात पोचेपर्यंत त्याला धाप लागली होती. मोटरचा मऊ आवाज येत होता. वहिनी मशीनच्या तोंडाशी बसलेली होती. दोन्ही हात जागेवर होते. त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

“आलात? बरं झालं,” ती मोठ्याने म्हणाली. “ही तुमची मोटर भलतीच गुपचूप आहे हो. सवयीने जरा पुढे झाले, तर हे बघा!”

तिने उजवा हात वर केला. ब्लाउजची बाही अर्ध्या दंडापासून नाहीशी झाली होती. दंडावर एक लाल ओरखडा होता, तेवढाच. वहिनी हसत होती.

“तुमचे दादा म्हणतील, नवीन ब्लाउज. अर्धी बाही आतच अडकलीय बघा, दात्याला.”

धाकटा दारातच उभा होता. तिच्यापर्यंत जायचं तर मध्ये चिंध्यांचे ढीग होते. बटण हाताशी होतं. म्हाताऱ्याच्या काळात या बटणाला सकाळ-संध्याकाळखेरीज कुणी हात लावत नसे. संध्याकाळी वहिनी स्वतःच इथवर येऊन ते बंद करायची आणि आवराआवरीला लागायची. तोवर रिकामा ड्रम आपला आपण फिरून थांबायचा.

त्याने सगळ्या पंजाने बटण दाबलं.

मोटरचा आवाज उतरला. बसत बसत, कण्हल्यासारखा होत, गप्प झाला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वहिनी ड्रमशेजारी असताना मशीन बटणाने बंद झालं होतं. तो आवाज ऐकून ती पुन्हा मशीनकडे वळली. चेहऱ्यावर तेच हसू होतं.

“थांब रे बाबा,” ती म्हणाली आणि बाहीचा तुकडा काढायला तिने हात आत घातला.

ड्रम अजून फिरत होता.