नवीन कॉलनीतले बल्ब

शिरूरच्या एसटी स्टँडमागं आमची कॉलनी आहे. तिला अजूनही सगळे नवीन कॉलनीच म्हणतात. बांधली तेव्हा ती गावाबाहेर होती, पुढं नुसत्या बाभळी. मग गाव आम्हाला ओलांडून बायपासपर्यंत गेलं, तिकडं लिफ्टच्या इमारती झाल्या, आणि आम्ही मधल्या मध्ये राहिलो. ना गावात, ना नव्यात.

माणसंही तशीच निघून गेली. कुणी मुलाकडं खराडीला, कुणी वाघोलीला. जाताना प्रत्येकानं घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "सुलक्षणाताई, तुम्ही हायतच की!" मी आहेच. आमचे मास्तर गेल्यापासून मला तरी कुठं जायचंय? तिन्हीसांजेला घरात अंधार ठेवू नये, असं आमच्याकडं मानतात. म्हणून मी रोज किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघते, प्रत्येक घराच्या पुढच्या खोलीतला बल्ब लावते, तुळशीला पाणी घालते. सकाळी दारं झाडून रांगोळीच्या चार रेघा ओढते. भाजीवाली मला वेडी म्हणते. म्हणू दे. अंधाऱ्या गल्लीत एकटीनं राहून बघ म्हणावं, मग बोल.

तशी अगदी एकटी नव्हते मी. भिंतीला भिंत लागून जन्नतबी राहायची. तिचा नवरा एसटीत मेकॅनिक होता, तोही गेला. दुपारी ती पलीकडून भिंतीवर लाटणं आपटायची. म्हणजे चहा झालाय, ये.

यंदा उन्हाळ्यात जन्नतबी मोरीत पडली. तिथं लाटणं कुठलं असायला? त्यात मी बाजारात गेलेली. आले तेव्हा कळलं. हाड वाचलं, पण तिचा राहिल दौंडहून धावत आला. तो रेल्वेत आहे, तिथंच क्वार्टर मिळालंय.

"मावशी, आता अम्मीला एकटी ठेवत न्हाई मी," तो म्हणाला. "घरात हाकेला माणूस असंल तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर दौंडला न्हेतो."

"मी न्हाई यायची," जन्नतबी म्हणाली. "तिथं भिंतीपल्याड कोण हाय माझं?"

माणूस मिळत होतं. सरकारी दवाखान्यातली नर्स शितल आणि तिचा नवरा खोली शोधून दमले होते. कंपन्यांमुळं शिरूरात खोली म्हणजे सोनं झालंय. जन्नतबीच्या मागच्या दोन खोल्या त्यांना पसंत पडल्या. "आज्जी, माझी नाइट असंल तवा हे असत्याल घरी," शितल म्हणाली. पण सोसायटीचा नियम आडवा आला. घरात मालकानंच राहायचं, भाडेकरू ठेवायचा नाही. कुणी प्लॉटांचा धंदा करू नये म्हणून सुरुवातीला केलेला नियम. घरं ओस पडली, नियम मात्र ताठ उभा. चोरून ठेवायला राहिल तयार नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं.

नियम बदलायचा तर सभा हवी आणि सभेला माणसं हवीत. मी एकेकाला फोन करून बोलावलं. मटकीची उसळ आणि शिरा करते म्हटलं, तेव्हा कुठं हलले.

माणसं येणार म्हटल्यावर मला राहवतंय का! सगळ्या बंद घरांच्या फरश्या पुसल्या, जळमटं काढली, दारांना तोरणं बांधली, रांगोळीत रंग भरले. रविवारी गाड्या आल्या. जो तो आपल्या घरात शिरला आणि खुलून बाहेर आला.

"काल कुलूप लावून गेल्यागत वाटतंय," आमचे चेअरमन बापूसाहेब म्हणाले. ते हडपसरला असतात.

मारुतीच्या देवळापुढं सभा बसली. मी उठून सांगितलं, कॉलनी ओस पडलीय, भाडेकरू येऊ द्या, जन्नतबीच्या घरात माणूस येऊ द्या.

बापूसाहेब हसले. "ओस? ताई, आत्ताच बघितली की आम्ही. दारात रांगोळ्या, घरात उजेड. परकी माणसं घुसवून हितं धर्मशाळा कशाला करायची? तुमच्यामुळं गाव सोडल्यासारखं वाटतच न्हाई बघा."

टाळ्या पडल्या, आणि त्या माझ्यासाठी. मग नियम ठेवायचा म्हणून सगळ्यांचे हात वर गेले. खाली राहिले ते जन्नतबीचे आणि माझे. नंतर मंडळींनी शिरा मागून मागून खाल्ला. पातेलं नेऊन बापूसाहेबांच्या गाडीवर पालथं करावं, इतका संताप आला मला. त्यांचा आला तेवढाच माझ्या केरसुणीचाही आला.

पुढच्या आठवड्यात राहिलनं टेंपो आणला. जन्नतबीनं किल्ली माझ्यापुढं धरली.

"बल्ब लावशील ना गं?"

"न्हाई. तुझाबी न्हाई आन् कुणाचाच न्हाई. बंद घर बंदच दिसू दे आता."

किल्ली माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं तिनं मिटली. लाटणं तेवढं स्वतःच्या पिशवीत घातलं. "तिथल्या भिंतीवर आपटून बघते," म्हणाली आणि टेंपोत चढली.

त्या संध्याकाळी मी उंबऱ्यावर बसून राहिले. जुडगा खुंटीलाच होता. एकेक दार अंधारात गेलं आणि कॉलनी जशी आहे तशी पहिल्यांदाच दिसली. मला भीती वाटली. रडूही आलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"पोचले गं," जन्नतबी म्हणाली. "क्वार्टर बरं हाय. माझा बल्ब लावलास का?"

"लावला," मी म्हणाले.

"मग बरं," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

खोटं बोलले होते, ते खरं करायला उठले. तिचं कुलूप काढलं, बल्ब लावला आणि परत येऊन उंबऱ्यावर बसले. तिच्या खिडकीतून उजेड माझ्या पायरीपर्यंत आला होता. त्या रविवारी बापूसाहेबांना वाटलं, तसंच मलाही वाटलं. घरात माणूस आहे. मी आत गेले आणि भिंतीला कान लावून बसले.