रिमोट ज्याच्या हातात, पाळी त्याची

मी एक जुना रिमोट आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेला आहे. हसू नका. माझ्यावरचं आवाज वाढवायचं बटण दाबून दाबून गुळगुळीत झालंय आणि आवाज बंद करायचं अजून कोरं करकरीत आहे. माझं आयुष्य कसल्या घरात गेलं, ते यावरून ओळखा.

एका कारखान्यात, एकाच साच्यातून माझी असंख्य भावंडं निघाली. मला टीव्हीबरोबर घरी आणलं ते एका चष्मेवाल्याने. भिंगं पुसायच्या मऊ कापडाने त्याने मला पुसलं. त्याची लहानगी लेक मला प्लास्टिकच्या पिशवीत घालायला निघाली, तर म्हणाला, "नको गं, गुदमरेल तो." त्या क्षणापासून मी त्याचा झालो.

दर शुक्रवारी संध्याकाळी त्याचा मित्र यायचा. तो दातांचा डॉक्टर.

"काय रे भिंगवाल्या, सुटलं का यान?"

"ये दातकाढ्या. दार लाव आधी, प्राणवायू बाहेर चाललाय!"

मग दोघं सात चंद्रांच्या साम्राज्याची मालिका बघत. तिच्यात यानंही होती आणि पंख असलेले सर्पही. भाग संपला की दोघं एकदमच ओरडायला लागत. लेकीचा अभ्यास होईना. शेवटी तिनेच मला उचललं आणि नियम केला: हा ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. दुसऱ्याने गप्प बसून ऐकायचं.

ते माझे वैभवाचे दिवस, मित्रांनो! डॉक्टर मला गुडघ्यावर आपटत म्हणायचे, "अवकाशात स्फोट ऐकूच येणार नाही. पोकळी आहे ती!" चष्मेवाला ओठ दाबून बसायचा. मी हातात आलो रे आलो की सुटायचा, "उडणारा सर्प चालतो तुला, आणि आवाजावर अडतोस होय?" दोघांचं एकही मत जुळायचं नाही. जाताना डॉक्टर म्हणायचे, "काय रिमोट आहे! याच्यामुळे माझं वाक्य पूर्ण होतं. घरी बायको होऊ देत नाही."

लेक मोठी झाली, तरी मालिका चालूच होती. मग मालिकेचं नवं पर्व आलं. एक चंद्र जळाला, तिथली माणसं मोडक्या यानांतून साम्राज्याच्या दारात आली. यानाची नवी कप्तान खाणीत काम करून वर आलेली. सम्राटाचा हुकूम मोडून तिने दार उघडलं आणि लांबलचक भाषण केलं.

त्या दिवशी मी डॉक्टरांच्या हातात होतो. "झालं!" ते म्हणाले. "आपल्या मालिकेतही राजकारण घुसवलं यांनी. दिवसभर तेच ऐकायचं, आता इथंही..."

"घुसवलं?" चष्मेवाला मध्येच उसळला. "पहिल्या भागात सम्राटाने सभागृहाला कुलूप लावलं, ते काय बागकाम होतं?"

"पाळी माझी आहे!"

"तुझ्यासारखेच लोक दार बंद करतात. कुणाला मत देतोस, माहीत आहे मला!"

नियम चष्मेवाल्याने मोडला. हे मी लपवणार नाही. माझा राग त्याच्यावरही आहे. पण डॉक्टर उठले, आणि मला मुठीत तसंच धरून घराबाहेर पडले.

त्यांच्या दवाखान्यातल्या ड्रॉवरमध्ये मी पडलो. शेजारी दातांचे प्लास्टरचे साचे. सगळे जबडे उघडे आणि बोलणारा एक नाही! डॉक्टर मात्र फोनवर मालिकेच्या चाहत्यांच्या गटात मतं टाकत बसत. ज्यांचं तोंडही कधी पाहिलं नाही, ते लोक लिहीत, "अगदी बरोबर, सर!" डॉक्टर खुलायचे. मला संताप यायचा. अरे, बरोबर म्हणणारे पुष्कळ मिळतील. ओठ दाबून ऐकणारा एकच होता!

चष्मेवाला आजारी पडल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी मला कोटाच्या खिशात टाकलं. दारापर्यंत गेले. "आधी त्याने फोन करावा," असं पुटपुटले आणि मला परत ड्रॉवरमध्ये ठेवलं.

पुढे एक दिवस त्यांनी त्याच गटात लिहिलं, एकेक शब्द मोठ्याने म्हणत: "माझा जिवलग मित्र गेला. आमची मतं कायम जुळायची."

खोटं! साफ खोटं! मला तोंड असतं तर त्या साच्यांसकट ड्रॉवर दणाणून सोडला असता.

काही दिवसांनी लेक दवाखान्यात आली. पेशंट नव्हते. ती खुर्चीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "काका, रिमोट न्यायला आलेय."

डॉक्टरांनी मला काढलं. "अगं, नवा घेतला असेल ना त्याने?"

"नाही. उठून टीव्हीचं बटण दाबायचे. उठवेना तेव्हा मी दाबायचे. नवा आणते म्हटलं की सांगायचे, 'पाळी त्याची आहे. मीच मध्ये बोललो. तो येईल, वाक्य पुरं करेल, मग मी बोलेन.'"

डॉक्टर मला कोटाच्या बाहीने पुसत राहिले.

"तुमची पाळी अजून चालू आहे, काका. बोला. मी मध्ये बोलणार नाही."

डॉक्टरांनी मला तिच्यापुढे धरलं. म्हणाले, "तूच सांग. शेवटचा भाग पाहिला का त्याने? काय म्हणाला?"

लेकीने मला घेतलं. "पाहिला. म्हणाले, 'भाषण फारच लांबलं, तेवढं दातकाढ्याचं बरोबर. पण दार उघडलं ते योग्यच केलं. आणि शेवट भिकार. हे त्याला सांगायला हवं.'"

"भिकार?" डॉक्टर ताडकन उठले. डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर जुनी चमक. "अगं, तोच तर एक भाग...!" त्यांनी हात पुढे केला. माझ्यासाठी.

पण ओठ दाबून ऐकणारा आता नव्हता. लेकीने मला पर्समध्ये टाकलं, चेन ओढली आणि म्हणाली, "येते, काका."

आता मी पुन्हा त्या टीव्हीसमोर आहे. ती मला मऊ कापडाने पुसते, पण हातात धरून काही बोलत नाही. मित्रांनो, भांडा. सम्राटावरून भांडा, सर्पांवरून भांडा, मतांवरून तर जरूर भांडा. पण बोलून झालं की रिमोट समोरच्याच्या हातात द्या. आणि तो द्यायला जा, त्याला हात उचलवतोय तोवर.