मरून रंगाचं दार

मित्रांनो, वैतागलेल्याचं बोलणं कुणी ऐकून घेतलं की त्याचा निम्मा राग उतरतो म्हणतात. म्हणून जरा ऐका. मी रंगांचं एक जुनं शेडकार्ड आहे. रंग निवडायला तुमच्या हातात देतात ना, तेच. माझ्या पानांवर रंगांचे चौकोन आहेत आणि प्रत्येकाखाली इंग्रजी नाव. तेलगावच्या वनिता पेंटरनं मला पाच वर्षं पिशवीत जपलं. पण लोक! तेलकट बोटानं चौकोन दाबतात आणि "ह्यो द्या" म्हणतात. नावाचा अर्थ? कुणी विचारेल तर शपथ!

या उन्हाळ्यात वनिताला उमापूरला रुक्मिणीबाईंच्या घराचं काम मिळालं. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. अख्खं घर एकटीनं रंगवायची वनिताची ही पहिलीच वेळ. "बाईला भिंती जमतील, दारं न्हाई," असं इतर पेंटर म्हणत होते.

मुख्य दाराचा रंग रुक्मिणीबाईंनी स्वतः माझ्यावर बोट ठेवून निवडला. काळपट तांबडा. वनितानं दार घासलं, भेगांत लांबी भरली, रंगाचे दोन हात दिले. दार नुसतं झळकत होतं. तेवढ्यात रुक्मिणीबाईंची दहावीतली नात करिष्मा माझ्यावरचं नाव मोठ्यानं वाचून बसली, "मरून."

"काय म्हनली?" रुक्मिणीबाई दचकल्या.

"मरून, आज्जी. रंगाचं नाव हाय."

"लग्नाच्या घराला मरून? खरवड ते दार! आत्ताच्या आत्ता!"

असं म्हणून त्यांनी मला हिसकावलं आणि चुन्याच्या बादलीत फेकलं. मला! रंग यांनीच निवडला आणि शिक्षा मला!

वनितानं मला बाहेर काढून पदरानं पुसलं. तीही भडकली होती. "कावून खरवडू, मावशी? निवडताना तर ह्यो रंग लई ग्वाड लागत व्हता!"

रुक्मिणीबाई उंबऱ्याजवळ खाली बसल्या. "मागल्या साली माझा थोरला गेला. हिचा बाप. आता पाव्हणे दारात येऊन रंग इचारतील, अन् मी 'मरून' म्हनू?"

वनिता खरवडायची पत्री उचलून दाराकडे वळली.

करिष्मा मात्र मोबाइलमध्ये शोधत होती. "थांबा, वनितामावशी! आज्जी, हे आपलं 'मरून' न्हाई. मूळ फ्रेंच शब्द हाय. तिकडं एक फळ असतं, भाजून खात्यात. त्याच्या टरफलाचा हा रंग."

"फळ तिकडं ऱ्हायलं. ऐकनाराला मरूनच ऐकू येनार."

"मंग खाकीचं काय? खाक म्हंजी धूळ, माती. उर्दूतून तो शब्द इंग्रजीत गेला. फौजदार खाकी घालतो, म्हणून खाक होतो का?"

करिष्माला आता चेव आला. "अन् आज्जी, खिडक्यांना तू लालभडक क्रिमसन निवडलास. त्याचं मूळ आपल्या 'कृमी'त हाय. आदी तो रंग किड्यांपासून करायचे."

"आगं बाई, किडे? मंग खिडक्याबी…"

"खरवडा!" वनितानं कपाळावर हात मारला. "खिडक्या खरवडा, भिंती खरवडा, मलाबी खरवडा!"

रुक्मिणीबाईंना एकदम हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले. "ऱ्हाऊ दे, वनिता. माझ्या थोरल्याच्या लग्नात त्याचा फेटा ह्याच रंगाचा व्हता. म्हनून तर बोट ठिवलं व्हतं. त्या टायमाला कुनी नाव इचारलं न्हाई."

दार तसंच राहिलं. लग्नाच्या दिवशी वऱ्हाडातल्या एका काकांनी रंग विचारलाच. रुक्मिणीबाई ताठ मानेनं म्हणाल्या, "मरून. इंग्रजी फळाचं नाव हाय. अन् दार आमच्या वनितानं रंगवलंय."

इंग्रजी नव्हे हो, फ्रेंच! पण जाऊ द्या.

मित्रांनो, चुन्यानं माझी चार पानं कायमची पांढरी झाली. एक विनवणी करतो. एखादा शब्द कानाला टोचला, तर आधी त्याचा अर्थ विचारा. विचारायला घटकाभर वेळ पुरतो; चुन्यात बुडालेलं पान मात्र पुन्हा वाचता येत नाही.