खाच

“बावीस आहेत. विश्वास नसेल तर तुम्हीच मोजा, आबा,” म्हणत मुलानं बापाची टोपली ओट्यावर उपडी केली. कापलेले बटाटे घरंगळत सुनेच्या पायाशी आले.

नियम म्हाताऱ्याचाच होता. काढणीत ज्याच्या कुदळीनं बटाटा कापला जाईल, त्यानंच तो खायचा. कापलेला माल टिकत नाही, मग कोणाच्या तरी घशाखाली गेलाच पाहिजे. हाच मुलगा दहा वर्षांचा असताना आठ दिवस त्याच्या पानात दुसरं काही पडलं नव्हतं. रडला तर वर दोन रट्टे मिळायचे. आणि गेल्या काढणीला म्हातारा फुशारकीनं बोलून बसला होता, “माझे विसाच्या वर गेले ना, तर कुदळ खाली ठेवीन. मग रान तू म्हणशील तसं.”

“हात थरथरतो माझा, पण एवढा नाही,” म्हातारा म्हणाला. “सहा-सात झाले असतील.”

“वय झालं की मोजणंही चुकतं.”

सून बटाटे धुवायला लागली आणि तिचा हात थबकला. सासऱ्याच्या कुदळीच्या पात्याला मधोमध खाच होती. त्या कुदळीच्या घावावर दोऱ्याएवढी रेघ उठायची. रेघ होती फक्त सहा बटाट्यांवर. बाकीचे सोळा नवऱ्याच्या कुदळीच्या नव्या पात्यानं कापलेले, गुळगुळीत. म्हणजे तो दिवसभर आपले कापलेले बापाच्या टोपलीत सारत होता.

“बघत काय बसलीस?” नवरा तिच्या कानाशी म्हणाला. “उकड लवकर.”

आबा घरात बसले की रान वाट्यानं देऊ, मग तुला वेचायला यावं लागणार नाही, असं त्यानं तिला सांगून ठेवलं होतं. पाच वर्षं वेचून तिच्या कमरेचा काटा ढिला झाला होता. पोटात आठ महिन्यांचं पोर असतानाही म्हाताऱ्यानं तिला सरीतून उठू दिलं नव्हतं. ते पोर जगलं नाही. तिला म्हाताऱ्याची कीव यायला जागाच उरली नव्हती.

तिनं साली काढल्या, फोडी केल्या, मिठाच्या पाण्यात उकडल्या. पाणी निथळून पातेलं पुन्हा चुलीवर धरलं. ओल राहिली की लगदा चिकट होतो. मग तिनं लाकडी दट्ट्या उचलला.

“थांब, सूनबाई,” म्हातारा म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. “तू धुतलेस ना? माझ्या पात्याची रेघ किती बटाट्यांवर होती? तू सांगशील ते मी मानीन.”

नवऱ्यानं मान वर केली नाही. फोडींतून वाफ येत होती.

“उकडल्यावर काय कळणार, मामंजी?” ती म्हणाली आणि दट्ट्या खाली हाणला.

एकही गाठ राहू नये म्हणून तिनं हात दुखेस्तोवर कुस्करलं. थोडं थोडं गरम दूध घातलं, लोण्याचा गोळा जिरवला, मिरपूड टाकली. मऊसूत झालं. दात नसलेल्या माणसाला याहून चांगलं काय द्यायचं?

म्हाताऱ्यानं तीन घास खाल्ले. मग उठून कोपऱ्यातली कुदळ आणली आणि मुलासमोर ठेवली. “घे. रान तुझं. वाट्यानं देणार असशील ना?”

“वाट्यानं कशाला?” मुलगा म्हणाला. “अर्धं पीक परक्याच्या घरात घालू? उद्यापासून ही खणेल तुमच्या सऱ्या.”

सुनेच्या हातातला दट्ट्या तसाच राहिला. “तुम्ही तर म्हणाला होतात...”

“म्हणालो होतो. आता नाही म्हणत. आणि जपून खण, घरचा नियम सगळ्यांना सारखा.”

म्हातारा बोळक्या तोंडानं हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. ताटली तिच्याकडे सारत म्हणाला, “सूनबाई, मीठ बेतानं घालत जा. रोज खायचंय आता तुला.”